कापडांच्या खोलीतला एसी

दुबईत करामा भागातल्या आमच्या इमारतीत एक खोली अशी आहे, की तिथे कुणी झोपत नाही, कुणी जेवत नाही, आणि तरी तिथला एसी बारा महिने चालू असतो. ती खोली अनुपमाच्या कापडांची. मी तिच्या वरच्या मजल्यावर, माझ्या मुलाकडे राहते. उभं आयुष्य मी नाटक कंपनीत काढलं. शालू, शेले, राजांचे अंगरखे, भिकाऱ्यांची लक्तरं, सगळं अंगावर घालून झालं. कपडेपटाच्या पेटाऱ्याचं झाकण उघडलं की तो वेखंडाचा वास माझ्या अंगात भिनायचा. त्यामुळे अनुपमाच्या खोलीच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला क्षणभर वाटलं, आता कुणीतरी हाक मारणार, "बाई, दुसरी घंटा झाली!"

अनुपमा लग्न होऊन राजनबरोबर इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. राजन एका लॉजिस्टिक्स कंपनीत हिशेब बघतो. मुलगी अस्मी बालवाडीत गेली आणि गॅदरिंगमध्ये तिला फुलपाखरू व्हायचं होतं. अनुपमाने पंख शिवले. ते पंख इतर आयांनी बघितले, आणि पुढच्या वर्षी अख्ख्या वर्गाची फुलपाखरं तिच्या मशीनवरून उडाली. मग मराठी मंडळाच्या मुलींच्या नऊवारी, कुणाच्या मंगळागौरीचे ब्लाउज, कुणा मल्याळी मुलीचा नाचाचा पोशाख. आणि शिवता शिवता कापडं जमवायचा नाद लागला. शारजाच्या रोल्ला बाजारातल्या दुकानात ताग्याचा शेवटचा तुकडा पडून राहिलेला दिसला की हिचा पाय निघत नाही. "अहो मावशी, त्याला तिथे सोडून कसं यायचं?" असं ती विचारते, जणू काही रस्त्यात मूलच सापडलंय.

पण ठेवणं मात्र बघत राहावं असं. ती कापडं रंगाप्रमाणे लावत नाही की जातीप्रमाणे लावत नाही. कोण कशाला भितं, त्याप्रमाणे लावते. उन्हाला भिणारी आतल्या काळोख्या फळीवर. पाण्याला भिणारी, म्हणजे जर आणि क्रेप, वरच्या फळीवर, जुन्या मलमलीत गुंडाळलेली. हाताला भिणारी, मखमल आणि शिफॉन, काचेच्या दारामागे. डांबरगोळीला त्या खोलीत बंदी, कारण तिने जर काळी पडते. त्याऐवजी लवंगा आणि वाळलेला कडुनिंब, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून. आणि दार कायम बंद. खोलीत तिच्याशिवाय कुणी जायचं नाही, कापडाला हात लावायचा नाही. हा नियम राजनला, अस्मीला आणि मलासुद्धा.

जूनमध्ये शारजाहून मरियमबी आली. रत्नागिरीकडची म्हातारी, मुलांबरोबर पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेली. तिच्या पिशवीत जुन्या चादरीत बांधलेलं एक कापड होतं. किनखाप. मोरपंखी, त्यावर खऱ्या जरीची वेल. तिचे मालक जहाजावर होते, तरुणपणी त्यांनी तिच्यासाठी आणलं, आणि शिवू शिवू म्हणता ते गेले. कापड तसंच राहिलं. आता नातीचा, नबिलाचा, निकाह ठरला होता आणि त्या कापडाचा कुडता नबिलाने घालायचा होता.

"तीन दर्जी झाले बघून," मरियमबी म्हणाली. "पन देवाया हात होईना. तुज्याकडं ठेवलं म्हंजे माज्या घरातच ठेवलं, पोरी."

अनुपमाने ते चादरीसकट खालच्या एका पेटीत ठेवलं, आणि दोन दिवसांत पुण्याहून फोन आला. तिची आई बाथरूममध्ये घसरून पडली होती, खुबा मोडला होता. अनुपमाने हाताला लागले ते कपडे बॅगेत कोंबले. निघताना तिने कापडांच्या खोलीतल्या एसीच्या स्विचवर चिकटपट्टी लावली. राजनला म्हणाली, "हा बंद करायचा नाही. काहीही झालं तरी."

"नाही करत गं बाई, जा."

इथल्या उन्हाळ्याचं ज्याला माहीत नाही त्याला सांगते. ऊन जीव घेतं ते बाहेर. पण जुलै-ऑगस्टची दमट हवा बंद घरात शिरली आणि आत गार वारा नसला, की चपलेपासून पुस्तकापर्यंत सगळ्यावर बुरशी येते. सुट्टीला भारतात जाणारी माणसं वीजबिल वाचवायला एसी बंद करून जातात आणि परत आल्यावर कपाट उघडून डोक्याला हात लावतात. हे राजनला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो हिशेबातला माणूस. रोज ऑफिसला जाताना बंद दारामागून एसीची घरघर ऐकायची, आणि आत कुणी नाही!

अनुपमा परतली ती ऑगस्ट संपता संपता. आई वॉकर घेऊन चालायला लागली होती. मी खास पुरणपोळ्या घेऊन खाली गेले होते. तिने बॅग दारात ठेवली, चप्पल काढली आणि सरळ त्या खोलीकडे गेली. दार उघडलं. आतून एक कुबट, ओला वास आला, आणि आम्हा सगळ्यांना कळलं.

अनुपमा आत जाईना. दारातूनच म्हणाली, "राजन, एसी कधी बंद केलास?"

"चालूच होता... म्हणजे मधे थोडे दिवस..."

"राजन."

"तू गेल्यावर. आठवड्याभराने." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू आला नसता. "मला वाटलं, दार बंद आहे, ऊन येत नाही, काय होणार?"

"आई, कॅन आय से समथिंग?" अस्मी म्हणाली. ती आता कॉलेजात आहे.

"नंतर."

"बट इट्स इम्पॉर्टंट."

"अस्मी, खलास! आत्ता एक शब्द नको."

बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवरच्या सुती कापडांवर राखाडी ठिपके उठले होते. एका पांढऱ्या मलमलीवर तर नकाशाच उमटला होता. अनुपमा ते काही बघत नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि खालची पेटी ओढली. मरियमबीची. मी अनुपमाच्या पाठीवर हात ठेवला.

पेटी उघडली. चादर होती. चादरीच्या आत काही नव्हतं.

"मी हात लावला नाही!" राजन ओरडला. "एसीचं मान्य. पेटीला मी बोटसुद्धा लावलं नाही, आईशपथ!"

अनुपमा चादर झटकत राहिली, जणू एवढं मोठं कापड घडीत अडकून बसलं असेल. "तिला काय सांगू? तिच्या नवऱ्याचं एकच कापड होतं गं मावशी. एकच."

अस्मी केव्हा आपल्या खोलीत गेली ते कळलं नाही. ती आली तेव्हा तिच्या हातात हँगर होता. हँगरवर अस्मीची पांढरी ओढणी, आणि ओढणीवरून सोडलेलं ते मोरपंखी किनखाप. कोरडं. झळाळतं.

"आय ट्राइड टू टेल यू," ती म्हणाली.

झालं होतं असं. जुलैमध्ये अस्मीचा इंटर्नशिपसाठी व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. तिच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे निघालेले. मागे काहीतरी बरं दिसायला हवं म्हणून ती आईच्या खोलीत चोरपावलांनी गेली आणि पेटीतलं सगळ्यात देखणं कापड काढून भिंतीवर सोडलं. मग परत ठेवायला गेली तर आईसारखी घडी जमेना. आई ओळखेल, या भीतीने तिने ते आपल्या कपाटात लपवलं. तिच्या खोलीतला एसी माणसं गारठतील इतका चालू असतो, आणि पडदे कधी उघडत नाहीत, कारण पोरगी दुपारी बारापर्यंत झोपते.

अनुपमाने कापड हातात घेतलं. नाकाशी नेलं. उजेडात जाऊन जर पाहिली, मग उलटी बाजू पाहिली, तळहात फिरवला, कोपरे पाहिले. आणि तशीच फरशीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मला ते रंगभूमीवर कधी नीट जमलं नव्हतं.

"विचारायचं नाही?" ती शेवटी अस्मीला म्हणाली.

"यू वुड हॅव सेड नो."

"हो. नाहीच म्हटलं असतं."

"मग?" मी म्हटलं. "चल, पोळी खा आधी. तूप थिजेल."

पुढचे काही दिवस आमची इमारत म्हणजे कपडेपट झाला होता. बाल्कनीत कपडे टांगायची इथे मनाई, आणि बाहेरची हवा तर शत्रूच. म्हणून माझ्या दिवाणखान्यात आडव्या-उभ्या दोऱ्या बांधल्या. शेजारची शहनाझ म्हणाली, "मेरा हॉल खाली पडा है, ले आओ," आणि तिच्या सोफ्यावर शिफॉनचे तुकडे पहुडले. सुती कापडं व्हिनेगरच्या पाण्यातून काढली, रेशमी मऊ फडक्याने कोरडी पुसली, सगळीकडे एसी आणि पंखे. राजन तोंडाला मास्क लावून ब्रशने बुरशी झटकत होता. "हळू," अनुपमा म्हणे. "ते कापड आहे, एक्सेल शीट नाही." तो मुकाट्याने हळू करी. एक मलमल आणि दोन छापील तुकडे हातचे गेले. बाकी सगळी वाचली. मी तर दोऱ्यांमधून उगाच येरझारा घालत होते. माझा मुलगा सिद्धांत म्हणाला, "आई, विंगेत असल्यासारखी काय फिरतेस?" त्याला काय सांगणार!

मरियमबी नातीला घेऊन मापं द्यायला येणार होती. राजन म्हणाला, "तिला सांगायची काय गरज आहे? कापडाला तर काहीच झालं नाही."

"पेटीतून बाहेर पडलं होतं ना? मग तिला माझ्याकडूनच कळू दे," अनुपमा म्हणाली. त्या सकाळी तिने नाश्ता केला नाही. कापड परत न्यायचं म्हातारी म्हणाली तर ती थांबवणार नव्हती, हे तिने मला जिन्यातच सांगितलं होतं.

मरियमबीने सगळं ऐकून घेतलं. बंद एसी, बुरशी, भिंतीवर टांगलेलं किनखाप. मग चष्मा पुसला आणि अस्मीकडे वळली.

"नोकरी मिळाली का गो तुला?"

"यस, आजी. म्हणजे, इंटर्नशिप. मिळाली."

"मंग!" म्हातारीने मांडीवर हात मारला. "पन्नास वर्सं चादरीत घुसमटत होतं. कुनाच्या तरी कामी आलं. आमच्या मालकांना लई हौस होती पोरींनी शिकायची." आणि अनुपमाला म्हणाली, "तू कशाला तोंड पाडून बसलीस? माप घे."

नबिलाची मापं झाली. अनुपमाने मोठ्या टेबलावर किनखाप अंथरलं, खडूने रेघा मारल्या, पुन्हा मोजल्या. कात्री उचलली. खोलीत एसीची घरघर तेवढी चालू होती. मरियमबीने डोळे घट्ट मिटून घेतले आणि माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता, माझाही काही फार ऊन नव्हता. कात्री जाड जरीतून करकरत पुढे गेली, वळणावर थांबली, पुन्हा निघाली.

आवाज थांबल्यावर मरियमबीने डोळे न उघडताच विचारलं, "झालं?"

"झालं, खाला. सरळ आलंय."

"मंग चाय टाक," ती म्हणाली, आणि माझा हात सोडला.