तहकूब सभा

कुठल्याही प्रश्नावर ते आधी पेनचं टोपण काढायचे, पेनच्या मागे लावायचे आणि म्हणायचे, "गणसंख्या बघू."

आमच्या कोलशेतच्या सोसायटीचे सेक्रेटरी. असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल, निदान बॉम्बच्या आधी असेल. मुंबईवर बॉम्ब पडला त्याच्या चौथ्या दिवशी, खिडक्यांना काचा नाहीत, खाडीवरून राख येतेय, तेव्हा त्यांनी जिन्यात नोटीस लावली: गॅलरीतली राख सभासदांनी परस्पर खाली झाडू नये.

मला त्यांचा संताप यायचा. चौऱ्याऐंशी फ्लॅटमध्ये आम्ही थोडेच उरलेलो. जमिनीखालची टाकी भरलेली, झाकण घट्ट, पाणी स्वच्छ. आणि फाटकाबाहेर मागच्या चाळीतली माणसं रिकामे हंडे घेऊन बसलेली. मी कोळशानं पत्रकं लिहिली, 'पाणी कुणाच्या बापाचं नाही', आणि भिंतभर चिकटवली. सकाळी सगळी गायब. दुपारी पुन्हा जागेवर, सरळ रेषेत, प्रत्येकावर सोसायटीचा गोल शिक्का.

"विनापरवाना होती," ते म्हणाले. "आता नाहीत."

बी विंगचे सावंत लोखंडी गज घेऊन फाटकावर बसायचे. "बाहेर थेंब गेला तर टाळकं फोडीन," असं शांतपणे सांगायचे. एका दुपारी चाळीतली एक म्हातारी हंड्याला टेकली, ती उठलीच नाही. मी टाकीचं कुलूप फोडायला दगड उचलला. सेक्रेटरींनी मनगट धरलं.

"सभा बोलावतो."

"काका, माणसं मरतायत."

"म्हणूनच. तू कुलूप फोडशील, सावंत तुझं डोकं फोडतील, आणि फाटक बंदच राहील."

गणसंख्या वीस. जमलो सतरा. "सभा अर्धा तास तहकूब," सेक्रेटरींनी जाहीर केलं.

"झालं? कोरम नाय, विषय संपला," सावंत हसले आणि आपली माणसं घेऊन वर जेवायला गेले.

अर्ध्या तासानं आम्ही पाचच जण होतो. "तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही," सेक्रेटरी घड्याळ बघून म्हणाले. फाटक आणि टाकी उघडण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. किल्ल्या त्यांच्याच खिशात होत्या.

हंड्यांचा आवाज ऐकून सावंत गज घेऊन धावत आले. सेक्रेटरींनी ठराव पुढे धरला. सावंतांनी तो दोनदा वाचला. गज अजून वरच होता. तेही सोसायटीच्या भांडणांत, उपविधींच्या पुस्तकावर म्हातारे झालेले.

"उपनिबंधकांकडे प्रत गेल्याशिवाय हे लागू नाय."

"बरोबर. मी देऊन येतो. पोच मिळेपर्यंत आहे ते तसंच ठेवायचं."

आहे ते, म्हणजे उघडं फाटक. सावंतांनी बराच विचार केला आणि गज खाली टेकवला. "मिनिट्समध्ये घ्या."

उपनिबंधकांचं सरकारी ऑफिस ठाण्याच्या ज्या बाजूला होतं, तिथे आता काय आहे हे आम्ही रोज गच्चीवरून बघत होतो. मी सेक्रेटरींच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. "काका, तिथे कोणीच नाहीये."

"मग वेळ लागेल," ते म्हणाले, आणि फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माजिवड्याच्या दिशेनं चालू लागले. राखेत त्यांच्या चपलांचे ठसे दोन दिवस दिसत होते.

सावंत अजून फाटकावर बसतात. रोज सकाळी विचारतात, "आले का?"

"नाही," मी सांगते.

मग ते पाय आखडून घेतात आणि पहिल्या हंड्याला वाट देतात.