रस्त्याच्या बाजूचं दार

लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढून आणायचं, हे बाईंचं काम. त्या भागातली म्हातारी माणसं त्यांना सुईवाल्या बाई म्हणत. सकाळी सहाला पहिलं घर, साडेनऊच्या आत शेवटचं. माणसं उपाशीपोटी चहाच्या भांड्याकडे बघत बसलेली असत. पाच मिनिटं उशीर झाला तरी रक्ताच्या आधी बोलणी मिळत. म्हणून बाईंनी जुनी स्कूटर काढून टाकली आणि चांगली दणकट मोटरसायकल घेतली. मागे नळ्यांची थंड पेटी बांधली. पहिलं वर्षभर लोक वळून वळून बघायचे. मग सवय झाली, बघणं थांबलं, आणि बाईंच्या मते खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

मोटारवाल्यांना आरसे केस विंचरायला दिलेत, असं त्यांचं ठाम मत होतं. दिवा न दाखवता वळतात, फोनवर बोलता बोलता अंगावर येतात, वर आपल्यालाच डोळे वटारतात. हे सगळं त्या रोज जेवताना ऐकवत, आणि ऐकणारा माणूस नेमका टॅक्सी चालवणारा होता. त्यांचे यजमान वीस वर्षं टॅक्सीवर होते. त्यांचंही म्हणणं तयार असे. दुचाकीवाले डावीकडून घुसतात, उजवीकडून घुसतात, दोन गाड्यांमध्ये बोटभर फट दिसली की तिथे नाक खुपसतात, कुठून उगवतात देव जाणे. भाजी गार व्हायची, पण दोघांपैकी कोणी माघार घेत नसे.

एका मंगळवारी बाई निवृत्त हेडमास्तरांचं रक्त घेऊन निघाल्या होत्या. हेडमास्तरांची शीर म्हणजे लपाछपीचा खेळ. त्या दिवशी तिसऱ्यांदा टोचल्यावर ती सापडली. पुढच्या वळणावर कडेला एक टॅक्सी उभी होती. बाई तिच्या शेजारून जात असतानाच मागच्या सीटवरच्या प्रवाशाने, फोन कानाला लावलेलाच, रस्त्याच्या बाजूचं दार सताड उघडलं. ब्रेक दाबला, पण हँडल दाराच्या कडेला अडकलं आणि बाई गाडीसकट आडव्या झाल्या. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. डावं मनगट गेलं. पेटीचं झाकण उडून नळ्या रस्ताभर घरंगळल्या.

दार उघडणारा माणूस घाबरला होता, पण बोलला ते भलतंच.

"तुम्ही इतक्या जवळून कशाला गेलात?"

बाईंना संताप आला तो यामुळेच, की त्यात थोडं तथ्य होतं. टॅक्सीवाला खाली उतरलासुद्धा नाही. काच खाली करून आपला यात काही संबंध नसल्यासारखा बघत राहिला. कोणीतरी पाणी दिलं. कोणीतरी सांगितलं की या वयात बाईमाणसाने एवढी जड गाडी चालवू नये. बाई एका हाताने नळ्या गोळा करत होत्या. आठांतल्या पाच फुटल्या होत्या. हेडमास्तरांची त्यात होती.

घरी यजमानांनी सगळं केलं. प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून पिशवी बांधली, केस विंचरून दिले, वेणी मात्र भलत्याच बाजूला घातली. आणि एवढं करून शेवटी म्हणाले की तसं बघितलं तर त्यात ड्रायव्हरचा काय दोष, दार तर प्रवाशाने उघडलं. बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तिकडे हेडमास्तरांची तपासणी अडून बसली होती. त्यावर त्यांच्या गोळ्या ठरणार होत्या. लॅबने दुसरं माणूस पाठवलं. त्याने चारदा टोचलं आणि हात टेकले. हेडमास्तरांनी सांगून टाकलं, बाई येतील तर हात पुढे करीन, नाहीतर गोळ्याही नकोत. लॅबला विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून बाईंनी विचारलंच नाही. यजमानांना म्हणाल्या, टॅक्सी काढा.

हेडमास्तरांच्या दंडाला पट्टा यजमानांनी बांधला. वीस वर्षं गर्दीतून टॅक्सी काढणारा तो माणूस रक्ताला एवढा भ्यायचा की पट्टा बांधून त्याने तोंड भिंतीकडे केलं. बाईंनी उजव्या हाताने शीर चाचपली, पहिल्याच फटक्यात सुई लागली. हेडमास्तर म्हणाले की आता तरी सांभाळून आणा, माझ्यात फार उरलेलं नाही.

परतताना बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. एक मोटरसायकलवाला थेट खिडकीशी आला तेव्हाच त्यांना दिसला. त्या दचकल्या. एका रिकाम्या गल्लीत त्यांनी टॅक्सी थांबवायला लावली, स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या आणि यजमानांना सांगितलं, मागून या, गाडीच्या कडेने, हळूहळू.

आरशात ते आधी पूर्ण दिसले. मग अर्धे. मग एका जागी दिसेनासेच झाले, आणि एकदम खिडकीत त्यांच्या शर्टाची बटणं आली. बाईंनी त्यांना तीनदा चालायला लावलं. तिन्ही वेळा तेच. त्यांना राग यायला लागला. अकरा वर्षं ज्यांना माजोरडे म्हणून शिव्या घातल्या, त्यांतल्या काहींना आपण खरोखर दिसलोच नसू, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"वीस वर्षं."

"मग मान वळवून का नाही बघत?"

"दर वेळी कोण वळवणार? मान आखडते."

बाईंनी प्लास्टरचा हात वर केला. काही बोलायची गरज नव्हती, पण त्या बोलल्या. "आणि दार प्रवासी उघडतो हे मला परत ऐकवू नका. गाडी कुठे थांबवायची ते तुम्ही ठरवता. उतरा कधी म्हणायचं तेही तुम्हीच ठरवायचं."

दुसऱ्या दिवसापासून यजमान प्रवाशांना सांगू लागले की मी मागे बघून हो म्हणेपर्यंत दार उघडू नका, आणि शक्यतो कडेच्या बाजूने उतरा. बरेच जण ऐकत. काही जण हसत. एकाने तर, मला उतरायला शिकवतोस का, म्हणत दार आपटलं आणि कंपनीकडे तक्रार केली. त्या दिवशी यजमान घरी येऊन एवढे तणतणले की बाईंनाच त्यांना शांत करावं लागलं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. मनगट पावसाळी हवेत ठणकतं, पण क्लच दाबता येतो. बाई आता उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर सोडून चालवतात. वळणाऱ्या गाडीच्या कडेला रेंगाळत नाहीत; एकतर पुढे, नाहीतर मागे. याचं बक्षीस म्हणून मागचे मोटारवाले हॉर्न वाजवून त्यांचे कान किटवतात, कारण बाई रस्त्याच्या मधूनच चालवतात असं त्यांना वाटतं.

परवा एकाने चौकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. सिग्नलला शेजारी येऊन काच खाली केली आणि विचारलं, रस्ता बापाचा आहे का.

बाईंना सगळं सांगायचं होतं, दाराची रुंदी, आरशातली ती न दिसणारी जागा. त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"हे बघा दादा, मी कडेने का जात नाही—"

तेवढ्यात सिग्नल सुटला आणि तो निघून गेला. वळताना त्याने दिवाही दाखवला नाही.