पाहुण्यांची गॅलरी

चौसष्टाव्या वर्षी माणूस किती आगाऊ असतो, हे अडुसष्टाव्या वर्षी कळतं. तेव्हाची मी आठवली की वाटतं, ह्या बाईला कुणी कान धरून खाली का बसवलं नाही? नांदेडच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता फुकट काढायची, आणि तेवढ्या जोरावर आपल्याला जगात कुणी फसवू शकत नाही अशा ऐटीत चालायची.

आमचे हे रेल्वेत होते. उमेदीत रेल्वेच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. दोन्ही करंगळ्या वाकड्या, त्या तेव्हाच्याच. पहिल्या पोस्टिंगला एक बंगाली गार्ड भेटला. त्यानं ह्यांना कोलकात्याच्या एका टीमचं वेड लावलं, ते लग्नानंतर चाळीस वर्षं झाली तरी उतरलं नाही. मी त्या टीमला सवत म्हणायची.

मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नजर कडेनं आत आत येत जाणार. गेलेली परत येत नाही, थेंब टाकून आहे ती जपायची. परतीच्या बसमध्ये हे अहमदपूर मागं पडल्यावर म्हणाले, "एक मॅच ग्राउंडवर बसून बघायची हाय."

"टीव्हीवर बघताच की."

"टीव्ही बॉलमागं पळतो. बॉल तिकडं असला की इकडचा गोलकीपर काय करून राहिला, ते कुणी दाखवत न्हाई. मला तेवढंच बघायचंय. दिसतंय तोवर."

चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडं मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे कमी तिखटाची भाजी. तीही मी कधी दिली नव्हती.

त्याच हिवाळ्यात ती टीम हैदराबादला खेळायला येणार होती. रिटायर माणसाचा पास असल्यामुळं गाडीचा खर्च नव्हता. नात तेव्हा लातूरला क्लासेसला होती. तिनं मोबाईलवर बघून फोन केला.

"आजी, तिथल्या टीमच्या लोकांना दोनशेचं तिकीट आहे. बाहेरून येणाऱ्यांची गॅलरी वेगळी. तिथं नऊशे."

"दोघांचे?"

"एकाचे."

"पाहुण्याला जादा? आपल्याकडं पाहुण्याला चहा पाजतात, बाई."

"आजी, घ्यायचं तर आत्ता सांग. भरत आलं की वाढतं."

मी ह्यांना म्हटलं, चला, दोनशेवाल्यांत बसू. हे ऐकेनात. तिथं बसून आपल्या टीमसाठी ओरडता येत नाही, गळ्यातला टीमचा मफलरसुद्धा काढायला लावतात म्हणे. "जिंदगीत एकदा बघायचं, अन् ते चोरून बघू?"

बरं, नऊशेची दोन तिकिटं घेण्याइतके पैसे नव्हते असंही नाही. होते. पण मी शहाणी होते ना! माझी आई रेणापूरच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. दिवस कलला की भाव पडतो, हे मी अक्षर ओळखायच्या आधी शिकले. उरलेली मेथी घरी कोण नेणार? तशाच उरलेल्या खुर्च्या. त्यांचं ते लोक काय लोणचं घालणार होते? नातीला सांगितलं, "थांब जरा. मॅच सुरू व्हायच्या टायमाला बोलावून बोलावून देतील."

"आजी, तिथं तिकिटाची खिडकीच नसते."

"तू अभ्यास कर."

तर आम्ही हैदराबादला. ह्यांनी धुऊन इस्त्री केलेला मफलर घातलेला, मी डब्यात दशम्या घेतलेल्या. खिडकी खरंच नव्हती. गेटवरच्या माणसानं सांगितलं, सगळं मोबाईलवर आहे, आणि पाहुण्यांची गॅलरी तर दोन दिवसांपूर्वीच भरली. कोलकात्याहून दीड दिवस गाडीत बसून आलेले लोक आत चालले होते. ह्यांचा मफलर बघून एकदोघांनी लांबूनच हात केला. ह्यांना तो दिसला नाही. मी सांगितल्यावर ह्यांनी हात वर केला, तोवर ते लोक आत गेले होते.

तेवढ्यात एक दाढीवाला जवळ आला. "दो हैं, अम्मा. तीन हजार."

पर्समध्ये तेवढे होते. मी म्हटलं, "पंधरा सौ देती."

"नक्को अम्मा. तीन से कम नै होता."

"अगं, घे ना," हे म्हणाले.

"तुम्ही गप बसा. अन् मागं बघू नका."

मग मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. भाव तुटेना की बाई निघून जाते. पाय पुढं टाकायचा, कान मागं ठेवायचा. दहा पावलांच्या आत हाक येतेच, माझ्या सगळ्या जन्मात आलेली. ह्यांचा हात धरून मी तशी निघाले. दहा झाली. बारा झाली. पंधराव्या पावलाला मी वळले, तर तो दाढीवाला दुसऱ्याच दोघांना मोबाईलवरून तिकिटं पाठवत होता.

मी पळत गेले. चौसष्टाव्या वर्षी, नऊवारीत नव्हते म्हणून बरं. "देती, देती, तीन हजार देती!"

"खतम, अम्मा. बोला जब लेना था ना."

ह्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. आतून एकदम ओरडा उठला. "कुणाचा गोल?" ह्यांनी विचारलं. मला काय माहीत! दशम्या तशाच परत आल्या.

पुढच्या वर्षी तिकीट आणखी वाढलं होतं, तरी मी पहिल्याच दिवशी घ्यायला निघाले, तर त्याच आठवड्यात ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याच्या पुढच्या वर्षी तारीख निघाली तेव्हा ह्यांना समोरचं माणूस आवाजावरून ओळखावं लागत होतं. आता घरात उजेडावरून खिडकी कुठं आहे एवढं कळतं.

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. आता नर्सिंग शिकते ती. "आजी, ती टीम परत येतेय. अन् ज्यांना दिसत नाही त्यांना आता फुकट सोडतात. सोबतच्या माणसालाही. नुसतं सर्टिफिकेट दाखवायचं."

ह्यांना सांगितलं तर हसले. "आता फुकट?"

"चला की," मी म्हटलं. "मी बॉलकडं बघणारच न्हाई. नुसता तुमचा गोलकीपर बघते अन् सगळं सांगत बसते."

हे उठून बसले. सांगायला लागले: बॉल लांब असला की तो किती पुढं येतो ते बघ. टाचा टेकल्यात की उचलल्यात. हात मांडीजवळ हायेत का छातीजवळ. कुणाच्या पाठीकडं बघतोय. मी विचारलं, "अन् हात मांडीजवळ असले, तर काय समजायचं?"

ह्यांनी बोटं जुळवली, सोडली, परत जुळवली. 

"ते सांगून न्हाई कळत," म्हणाले. "राहू दे."

मी नातीला नको म्हणून कळवलं.

"अगं आजी, फुकट आहे तरी?"

"हाव," म्हटलं. "तरी."