धानाला सांगितलं नाही

श्रावणात बाबांना लकवा मारला तेव्हा आमचा धान गुडघाभर होता. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. पंधरा दिवसांनी त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. येतील हळूहळू." पोळा झाला, गणपती गेले, दसराही झाला. शब्द काही आले नाहीत.

आमचं गाव आंबागडच्या पायथ्याशी. मी लग्न होऊन भंडाऱ्याजवळ शहापूरला आले, तिथेच शाळेत शिकवते. भाऊ पुण्याला कंपनीत. घरी आई आणि बाबा दोघंच. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या तशी मी पिशवी भरून गावी आले. धान पिकत आला होता आणि कापणीचं बघायला कुणी नव्हतं.

बाबा देवळात फारसे जात नसत. कुणी टोकलं तर म्हणायचे, "देव का देवळात बसून राह्यते? त्याले कामं नाहीत का?" पण आश्विन लागला की ते वेगळेच माणूस व्हायचे. पहाटे अनवाणी धानाच्या बांधीवर जायचे. शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या गवतावर कोळ्यांची जाळी दवाने भिजून लोंबत असायची, ती तुटू नयेत म्हणून अंग चोरून चालायचे. धान फुलावर असला की जवळपास मोठ्याने बोलायची बंदी. दुपारपर्यंत बांधीत पाय टाकायचा नाही. "आत बाळंतपण चालू हाये," म्हणायचे. मला ते शब्दशः खरं वाटायचं. शाळेत जाताना मी आमच्या शेतापाशी चपला काढून हातात घ्यायचे आणि पुढे गेल्यावर पुन्हा घालायचे.

आता ते ओसरीत खाटेवर पडून होते. खाट अशी लावली होती की त्यांना अंगण दिसावं, पण शेत दिसत नव्हतं. मधे दोन घरं आणि एक चिंच.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी शेतावर गेले आणि येताना एक लोंबी तोडून आणली. बाबांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ बोटांत फिरवली, वास घेतला, मग एक दाणा तोंडात धरून चावला. जिभेवर ठेवला. मान हलवली. अजून नाही.

त्यानंतर ते आमचं रोजचंच झालं. मी लोंबी आणायची, त्यांनी दाणा चावायचा. आतलं दूध आटून पीठ झालं होतं, पण दाणा अजून दाताखाली दबत होता. मी विचारायचे, "झाला का बाबा?" ते मान हलवायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते माझी वाट बघायला लागले. मी फाटकातून आत आले की डावा हात आधीच पुढे असायचा. आई म्हणाली, "तू आल्यापासून जेवतात तरी नीट." मलाही तेव्हा वाटलं होतं की आपण काहीतरी बरोबर करतोय. आयुष्यभर बाबांनी जे एकट्याने केलं, त्यात त्यांनी मला पहिल्यांदा घेतलंय. शहापूरला घड्याळ आणि हायवेच्या ट्रकांवर माझा दिवस चालतो. इथे तो एका दाण्याच्या कडकपणावर चालला होता, आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

नवव्या दिवशी दाणा कट्‌कन वाजला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली-वर केली. होकार.

"कापाचा आता?" मी विचारलं.

पुन्हा होकार. आणि मग ओठ वाकडे करून, सगळा जीव गोळा करून त्यांनी आवाज काढला. "सां... सां..."

तीन महिन्यांत पहिल्यांदा शब्दासारखं काही निघालं होतं. आई चुलीवरचं तसंच टाकून धावत आली. "काय जी? सांज? सांजच्याले कापाचं म्हणता?"

त्यांनी मान जोरात हलवली. नाही.

"सांगू? काय सांगू बाबा?" मी म्हटलं. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. हो, हो. डाव्या हाताने ते खाटेच्या काठावर थापट्या मारायला लागले.

मग मी सांगत बसले. भाऊ फोनवर काय म्हणाला ते सांगितलं. मजूर मिळत नाहीत, दोन दिवसांनी पाऊस सांगितलाय, हार्वेस्टर गावात आलाय आणि उद्या सकाळी आपला नंबर लागतोय, सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. नाही, नाही. "सां... सां..." शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांचा हात धरला. "काहून रडून राहिले बाबा? होते ना सगळं. मी हावो ना."

त्यांनी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास हार्वेस्टर आमच्या बांधीत उतरला. चालवणारा पंजाबकडचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला. शेजारच्या शेतातले काका माझ्याजवळ धुऱ्यावर उभे होते. मशीन कडेने गोल फिरत आत आत येत होती आणि मधे उभा धान लहान होत चालला होता. तेव्हा दिसलं की त्या उरलेल्या धानात सगळे जमले आहेत. उंदीर इकडून तिकडे पळत होते. लावा पक्ष्यांची जोडी फडफडून उडाली आणि पुन्हा तिथेच उतरली. एक लांबलचक धामण कापलेल्या बाजूला आली, उघड्यावर थबकली आणि वळून परत धानात घुसली. पुढच्या फेरीला ती मशीनखाली आली.

ते बघताना मला आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. कापणीच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, बाबा शेतावर निघाले होते आणि मी हट्टाने मागे गेले होते. धुऱ्यावर ते उकिडवे बसले, मातीला हात लावला आणि शेजारच्या बाईशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "उद्या येतो वो माय, कापाले. रागावू नको." मग उभे राहून बांधीच्या चारही कोपऱ्यांवर गेले आणि प्रत्येक ठिकाणी म्हणाले, "ज्याले ज्याले जाचं हाये, त्यानं आज जा. पिलं असंन तं घेऊन जा." मी हसले होते. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपुन त्याइच्या घरात घुसून राहिलो. सांगा लागते."

सांगा लागते.

मी मशीनसमोर धावले. हात वर केले. चालकाने इंजिन हळू केलं आणि वरून ओरडला, "क्या हुआ मॅडम?"

काय सांगणार होते मी त्याला? गडाच्या मागून ढग चढत होते. माझ्या मागे अजून सहा जणांचे नंबर होते, त्यातला एक जण मोटरसायकलवर बसून आमचं कधी संपतं ते बघत होता. धान निम्म्याहून जास्त कापून झाला होता. एक दिवस आधी सांगायचं ते आता सांगून काय होणार होतं? तरी मी तिथे उभी राहिले. काका म्हणाले, "का झालं पोरी? सरक बाजूला, लागंल तुले."

"काही नाही," मी म्हटलं. आणि सरकले.

पुढच्या वीस मिनिटांत सगळं संपलं.

घरी आले तर बाबा जागे होते. मशीनचा आवाज त्यांना चिंचेच्या पलीकडून ऐकू आलाच असणार. मी खाटेजवळ खाली बसले. "बाबा, तुमी 'सांगून ये' म्हणत होते ना? धानाले सांग म्हणत होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले समजलंच नाही. मी नाही सांगितलं बाबा." वाटलं, आता ते रागावतील, हात उचलतील, काहीतरी करतील. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. उजवं अंग त्यांना हलवता येत नाही. मान तेवढी वळवली.

त्या संध्याकाळी पाऊस आला आणि दोन दिवस थांबला नाही. ज्यांनी विळ्याने कापून कडपा शेतातच वाळत टाकला होता, त्यांचा धान चिखलात भिजून तिथेच उगवायला लागला. काकांचाही. आमची पोती मात्र ओसरीत कोरडी. जो येई तो म्हणे, पोरगी असून वेळेवर काम केलं. काका स्वतःचं एवढं नुकसान झालेलं असताना मला म्हणाले, "बरं केलंस पोरी. बाप असता उभा तं हेच केलं असतं." बाबा तिथेच खाटेवर होते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

दिवाळी झाल्यावर आईने नव्या तांदळाचा भात रांधला. आमच्याकडे नवं खाताना पहिला घास घरच्या मोठ्याने घ्यायचा. आईने बाबांच्या तोंडाजवळ घास नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले. तिने पुन्हा नेला. मग मी प्रयत्न केला. दुपारी लाडीगोडी केली, रात्री गूळ घालून पाहिलं. नाही. जुन्या तांदळाचा भात मात्र ते खात होते.

मी रोज सकाळी उठून त्या मोकळ्या बांधीवर जायचे. का जात होते ते मला अजून नीट सांगता येणार नाही. पावसाचं पाणी साचलेल्या चिखलात बगळे फिरत होते. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. गड इतका जवळ दिसत होता की वरची झाडं मोजता यावीत. शरदातली असावी तशी सकाळ. मी त्या मातीला हात लावून एकदा "माफ कर" म्हणून पाहिलं. माझाच आवाज मला शाळेतल्या प्रार्थनेसारखा वाटला. बाबांच्या आवाजात शेजारणीशी बोलल्याचा जो साधेपणा होता तो माझ्याकडे नाही, आणि तो कसा येतो हे सांगणारं माणूस आता बोलत नाही.

सुट्ट्या संपल्या. मी शहापूरला परत आले.

महिनाभराने आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "जुने तांदूळ सरत आले वो बाई."

"मग?"

"मंगळवारपासून मूठभर नवे टाकून राहिली मी त्याच्यात. आता अर्धेअर्धे करते."

"खातात?"

"खातात."

आमच्याकडचं लहान पोरही जुना भात आणि नवा भात एका घासात ओळखतं. नवा चिकट, जिभेला लागतो. जुना सुटा. साठ वर्षं धान पिकवलेल्या माणसाला ते कळणार नाही?

"त्याइले समजते का आई?" मी विचारलं.

तिच्या मागे भांड्याचा आवाज आला.

"पहिला घास तोंडात घेऊन थांबतात," ती म्हणाली. "माह्याकडे पाहतात. मी खाली पाहते. मंग गिळतात."