पुडीवरचे केस

सुनेने ऑफिसातून आणलेला कागद आर्टिस्टकाकांनी दोनदा वाचला. समुद्रातल्या प्लॅस्टिकवर इन्फोग्राफिक, म्हणजे आकडे चित्रांतून सांगणारं पोस्टर, करून हवं होतं. ती किनारा सफाई खात्यात होती आणि खात्याचा चित्रकार नोकरी सोडून गेला होता. काकांनी बत्तीस वर्षं एका कारखान्यात शाम्पूच्या पुड्या आणि साबणाची वेष्टनं रंगवली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते.

"एवढे लाख टन म्हणजे किती, हे कोणाच्या डोळ्यांसमोर येणार?" त्यांनी विचारलं. सुनेच्याही येत नव्हतं.

म्हणून ते सफाई कामगारांबरोबर किनाऱ्यावर गेले, शंभर पावलं मोजली आणि तेवढ्यातलं सगळं प्लॅस्टिक पोत्यात भरून घरी आणलं. बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरून त्यांनी बुचं, दोऱ्या, चमचे, पुड्या असे ढीग लावले. काकूंचे कपडे दोन दिवस घरात वाळले. भांड्यांचा आवाज तेवढा वाढला.

दुसऱ्या दिवशी एक जर्दाळू रंगाची पुडी धुताना काका थांबले. ती त्यांचीच होती. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. पुडीवर कमरेपर्यंत केस सोडलेली पाठमोरी बाई होती, आणि ते केस त्यांनी काकूंना स्वयंपाकघरात उभं करून काढले होते. वाळूत गाडली गेली असावी. रंग तसूभरही उतरला नव्हता. आधी त्यांची छाती फुगली. मग त्यांनी तारीख पुन्हा वाचली आणि काकूंना हाक मारली.

काकूंनी पुडी हातात घेऊन उजेडात धरली.

"माझे गेले," त्या म्हणाल्या. "हिचे बरे टिकले."

काकांनी भिंतभर पोस्टर केलं. शंभर पावलांत सापडलेली प्रत्येक वस्तू आहे त्या आकारात काढली. सगळ्या मिळून चारशे बारा. आपली पुडी मधोमध घेतली, कंपनीचं नाव गाळलं आणि खाली लिहिलं: 'वापर – एक अंघोळ. वय – एकोणीस वर्षं. तब्येत – उत्तम.'

खात्याच्या साहेबांना कासव हवं होतं, रडणारं. सुनेने सांगितलं, की मागच्या तिन्ही पोस्टरांवर कासवच होतं; लोक आता त्याला ओळखतात, पण थांबत नाहीत. शेवटी कोपऱ्यात एका छोट्या कासवावर तडजोड झाली. न रडणाऱ्या.

पोस्टर बोटीच्या धक्क्यावर तिकीट खिडकीशेजारी लागलं. तिसऱ्या दिवशी काका बघायला गेले. रांगेतली माणसं बुचं मोजत होती. एक बाई बहिणीला म्हणाली, की हा शाम्पू चांगला होता, उगीच बंद केला. काकांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. घरी येऊन त्यांनी दोन्ही सांगितलं. सुनेने अहवालात 'नागरिकांचा प्रतिसाद चांगला' एवढंच लिहिलं.

पुढचं पोस्टर मासेमारीच्या टाकून दिलेल्या जाळ्यांवर होतं. काकांनी लगेच हो म्हटलं. पुड्यांवर काढतात तशी जाळ्यांवर कोणी चित्रं काढत नाही.