माईक आईच्या पदराला होता

आज अंजनगाव सुर्जीला वत्सलाकाकूंची मुलाखत घेतली. पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांचा, मळा त्यांनी उभा केलाय. मोबाईलला छोटा माईक जोडला आणि त्यांच्या पदराला लावला.

पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेजारी बसलेला मुलगाच देत होता. "आईले काय समजते ताई? मळ्याचं सारं मीच पायतो."

काकू मान खाली घालून बसलेल्या. मला वाटलं, मुलाखत वाया गेली.

निघण्याआधी तिथेच रेकॉर्डिंग लावून पाहिलं. मुलाचा आवाज लांबून, पुसट. आणि त्याच्या वाक्यावाक्याला काकूंचं पुटपुटणं, अगदी स्पष्ट: "वेल कोनं लावले रे? तू तं कालेजात होता." "पानी कधी सोडाचं, हे तं मलेच इचारतं."

मुलगा ओशाळला. "ताई, तेवढं कापून टाका न."

मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "काहून कापाचं? पुन्हा चालू कर व बाई. आता मोठ्यानं सांगतो."

मग अर्धा तास त्या बोलल्या. मुलगा ऐकत होता.

मी एक शब्दही कापणार नाही. तुमच्या घरात आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कोण देतं? आज जेवताना जरा कान देऊन ऐका.