पानांचा क्रम कुणी लावला

"अहो, उठा. ही खुर्ची निमंत्रितांची आहे."

सरांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. समोर छातीला बिल्ला लावलेला कार्यकर्ता. मी खिशातून निमंत्रणपत्रिका काढली. त्यानं ती वाचलीसुद्धा नाही, व्यासपीठाकडे पाहिलं. सर तिथूनच हसत म्हणाले, "अरे, तो आपला रद्दीवाला. त्याला विक्रीच्या टेबलावर बसव."

पहिल्या दोन रांगा हसल्या. मी उठलो. आजही सांगताना कान तापतात. मी उठलो.

माझ्या वडिलांनी खडकीत हातगाडीवर रद्दी गोळा केली. मी सातवीत शाळा सोडली आणि त्या गाडीचं जुन्या पुस्तकांचं दुकान केलं. भावात मला कुणी हरवलेलं नाही. तोंड माझं वाईट, हेही खरं. सर इतिहासाचे प्राध्यापक. मुघल दरबारावरची पुस्तकं बारा वर्षं माझ्याकडूनच मागवत, मी घरी पोचवायचो. घरी बोलवायचे, स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या बशीत ओतायचे. म्हणून हा माणूस वेगळा वाटला. मी मुसलमान, म्हणून थट्टा करायचे, "काय, तुमचे बादशहा काय म्हणतात?" मी हसायचो. माझा बाप उन्हात गाडी ढकलत मेला. आमचा कुठला बादशहा?

एकदा एका बंगल्याच्या रद्दीत पोतं मिळालं. आत हातानं लिहिलेली सुटी पानं, मोडी अक्षर. मला मोडी येत नव्हती. सरांनी वाचून सांगितलं, दिल्लीच्या दरबारात राहिलेल्या कुणा मराठी कारकुनाचं टिपण आहे. बादशहासमोर कोण किती पावलांवर उभा राहतो, विडा आधी कुणाला, मानाचा पोशाख कुणाला. पण पानांवर आकडे नव्हते. सर दोन महिने पानं मागेपुढे करत बसले. शेवटी म्हणाले, "लागत नाही रे."

मी म्हटलं, "मी बघू?"

कागद खाणाऱ्या कसरीला अक्षर कळत नाही. ती सरळ आरपार जाते. एका पानावरचं भोक पुढच्या पानावर त्याच जागी येतं, केसभर सरकून. रद्दीत वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. तीन आठवडे सरांच्या फरशीवर बसून एकेक पान खिडकीच्या उजेडात धरलं आणि भोकाला भोक जुळवलं. सर मागून वाचत आले. वाक्याला वाक्य लागत गेलं. त्यांचे डोळे भरले. "तू नसतास तर हे पोतंच राहिलं असतं. काय देऊ तुला?"

जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही. "नाव छापा, सर. पानं कुणी लावली, एवढंच."

"पहिल्याच पानावर," सर म्हणाले.

त्या दिवशी विक्रीच्या टेबलावर मी ते पहिलं पान उघडलं. प्रकाशकांचे आभार. ग्रंथपालांचे. वहिनींचे. टंकलेखकाचेही. मग एक ओळ: 'शैली व आशय यांच्या सूक्ष्म अभ्यासातून मी पानांचा क्रम निश्चित केला.'

मी!

व्यासपीठावर सर गहिवरून बोलत होते, "त्या दरबारात गुणी माणसं जन्मभर दाराशी उभी राहिली." टाळ्या. विक्रीचं टेबल दाराशीच होतं. मी ते सोडून बाहेर पडलो. सरांच्या घरी पुन्हा गेलो नाही.

गेल्या महिन्यात त्याच घराण्याच्या दुसऱ्या बंगल्यातून दुसरं पोतं आलं. तेच अक्षर. सरांना कुठूनसं कळलं. बारा वर्षांत कधी न आलेले सर रिक्षानं दुकानात आले. मी खुर्ची पुढे केली.

"बसा. आमच्याकडे निमंत्रण लागत नाही."

ते बसले. "पानं घरी घेऊन ये. आपण दोघं लावू."

"तुम्ही सूक्ष्म अभ्यास करा ना, सर."

ते खाली बघून म्हणाले, "या वेळी नाव नक्की टाकतो."

"पोतं विकायचं नाही."

पानं लावून झालीत. आता बावन्नाव्या वर्षी मोडी शिकतोय. चार ओळी वाचायला संध्याकाळ जाते. जाऊ दे. पुस्तक मी काढणार. पहिल्या पानावर लिहिणार, हा क्रम एका रद्दीवाल्यानं कसरीच्या भोकांवरून लावला. खाली माझं नाव, बापाच्या नावासकट. आणि सरांच्या पुस्तकातली पानं कुणी लावली, तेही त्याच पानावर.